घटक ४ : महाविद्यालयीन ग्रंथालयातील संग्रह आणि शोधसाधने

४.१ प्रास्ताविक



मागील घटकात आपण कोश आणि संदर्भग्रंथ यांचा परिचय करून घेतला. ते ग्रंथ ज्या फडताळांवर असतात, त्या फडताळांपर्यंत पोहोचण्याची वाट या घटकात पाहावयाची आहे. ग्रंथालयातील संग्रह कसा घडतो, त्याची मांडणी कोणत्या तत्त्वावर होते, तालिकेत मराठी ग्रंथ का सापडतात आणि पुष्कळदा का सापडत नाहीत, हे या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला सांगता यावे, अशी अपेक्षा आहे.

एक प्रसंग कल्पू या. पेठ तालुक्यातील एक विद्यार्थिनी मराठीच्या प्रकल्पासाठी आपल्या भागातील बोहाडा हा विषय निवडते. सोंगे, मुखवटे आणि वाद्ये यांच्या साथीने रात्रभर चालणारा हा उत्सव तिने लहानपणापासून पाहिलेला आहे. नोकरीतून रजा काढून, एस.टी.ने नाशिकला येऊन ती एका ग्रंथालयात जाते. संगणकावर ‘बोहाडा’ हा शब्द टंकते. उत्तर येते : शून्य नोंदी. परतीची गाडी पाचला असते. प्रकल्पाच्या प्रस्तावनेत ती लिहिते, ‘या विषयावर लिखित साहित्य उपलब्ध नाही.’

हे विधान चुकीचे ठरण्याची शक्यता फार मोठी आहे. शून्य नोंदी याचा अर्थ एवढाच, की टंकलेली अक्षरे त्या तालिकेतील कोणत्याही नोंदीतील अक्षरांशी जुळली नाहीत. ग्रंथ नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. नियमित महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला उद्या पुन्हा येता येते. दूरस्थ विद्यार्थ्याच्या हाती बहुधा तो एकच दिवस असतो. म्हणून हा घटक आपण त्या विद्यार्थिनीला सोबत घेऊनच अभ्यासणार आहोत.

४.२ संग्रह कसा घडतो

ग्रंथालयातील ग्रंथ आपोआप जमलेले नसतात. प्रत्येक ग्रंथ कोणीतरी निवडलेला, कोणीतरी मंजूर केलेला आणि दाखलनोंदवहीत क्रमांक देऊन नोंदलेला असतो. विभागातील प्राध्यापक शिफारस करतात, ग्रंथालय समिती तरतूद पाहते, ग्रंथपाल मागणीपत्र पाठवतो. पाठ्यपुस्तकांच्या प्रती आधी, संदर्भग्रंथ नंतर, असा क्रम बहुतेक ठिकाणी असतो. मार्चअखेर तरतूद संपवण्याच्या घाईत विक्रेत्याकडे जे तयार असेल ते घेतले जाते, हेही नाकारण्यात अर्थ नाही. अशा संग्रहात एकाच मार्गदर्शिकेच्या वीस प्रती असतात आणि लोकसाहित्यावरचा मूलभूत ग्रंथ एकही नसतो.

यावरून अभ्यासकाने एक गोष्ट ध्यानी घ्यावी. प्रत्येक संग्रहाला स्वतःचा इतिहास असतो आणि त्या इतिहासानुसार त्याची बलस्थाने ठरतात. नाशिकचेच उदाहरण घ्या. सार्वजनिक वाचनालय, नाशिक ही संस्था १८४० सालची. हे महाविद्यालयीन ग्रंथालय नव्हे. परंतु जुने मराठी ग्रंथ हवे असतील तर अलीकडे स्थापन झालेल्या महाविद्यालयापेक्षा अशा संस्थेत ते मिळण्याची शक्यता उघडच अधिक. शहरातील जुन्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत त्या त्या काळच्या प्राध्यापकांच्या अभ्यासविषयांचा ठसा उमटलेला असतो. कोणाचा खाजगी संग्रह कोठे भेट म्हणून गेला, हे तालिकेपेक्षा ग्रंथालयातील जुन्या सेवकाला अधिक नेमके ठाऊक असते. त्यांना विचारण्यात संकोच करू नये.

आपल्या विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे अन्य महाविद्यालयांत चालतात. त्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तुम्हांला केवळ वाचनाची मुभा आहे, की ग्रंथ घरी नेता येतात, अनामत किती, हे नियम सर्वत्र सारखे नसतात. प्रवेशाच्या वेळीच ते विचारून घ्यावेत; परीक्षेच्या आठवड्यात नव्हे.

४.३ फडताळावरील जागा : वर्गांक

ग्रंथाच्या पाठीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर जे अंक असतात त्यांना बोधांक म्हणतात. त्यातील पहिला भाग वर्गांकाचा. भारतीय महाविद्यालयांत मुख्यतः ड्युई दशांश वर्गीकरण वापरले जाते. मेल्विल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाने ते १८७६ साली प्रसिद्ध केले. सर्व ज्ञान दहा वर्गांत, प्रत्येक वर्ग दहा विभागांत, असे ते उलगडत जाते. ८०० हा साहित्याचा वर्ग. त्यात अमेरिकन, इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, लॅटिन आणि ग्रीक यांना प्रत्येकी एक ऐसपैस विभाग मिळाला. उरलेल्या जगाची साहित्ये ८९० मध्ये दाटीवाटीने बसली. मराठी साहित्याचा अंक ८९१.४६. कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथात्म साहित्य ८९१.४६३. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेला जग कसे दिसत होते, याचा हा अंकरूप नकाशाच आहे.

मराठी भाषेवरचे ग्रंथ मात्र येथे नाहीत. व्याकरण, भाषाविज्ञान, बोली यांचा वर्ग ४०० आणि मराठीचा अंक ४९१.४६. म्हणजे साहित्य आणि भाषा या दोन्ही विषयपत्रिका एकाच विभागाच्या असल्या, तरी त्यांचे ग्रंथ दालनाच्या दोन टोकांना असतात. संतसाहित्याची स्थिती याहून बिकट. ज्ञानेश्वरी ही कविता म्हणून ८९१.४६१ मध्ये ठेवावी, की गीतेवरील भाष्य म्हणून २९४.५ मध्ये, याचा निर्णय वर्गीकरण करणाऱ्यावर अवलंबून असतो. दया पवारांचे ‘बलुतं’ एखाद्या ग्रंथालयात साहित्यात, तर दुसऱ्यात चरित्रांच्या ९२० मध्ये भेटते. कोणताही निर्णय चूक नाही. एक ग्रंथ एकाच जागी उभा राहू शकतो, ही फडताळाची मर्यादा आहे.

याच मर्यादेवर मात करण्यासाठी डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण मांडले. विषयाचे पैलू सुटे करून ते विरामचिन्हांनी जोडण्याची त्यांची पद्धत तर्काच्या दृष्टीने अधिक सूक्ष्म आहे. तरीही ती मोजक्याच ग्रंथालयांत टिकली. रंगनाथनांचे नाव व्यवहारात अधिक जिवंत आहे ते १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांमुळे. ग्रंथ वापरासाठी आहेत. वाचकाला त्याचा ग्रंथ आणि ग्रंथाला त्याचा वाचक भेटला पाहिजे. वाचकाचा वेळ वाया जाऊ नये. आणि ग्रंथालय हे वाढत राहणारे आहे, असा त्यांचा आशय. त्यांतील वेळाचे सूत्र दूरस्थ विद्यार्थ्याला सर्वांत जवळचे वाटावे.

आता बोहाडा शोधू. तो लोकनाट्य म्हणून पाहिला तर रंगभूमीच्या ७९२ मध्ये, उत्सव व चालीरीती म्हणून ३९० मध्ये, लोकसाहित्य म्हणून ३९८ मध्ये, आणि कोकणा, वारली, महादेव कोळी या जमातींच्या समाजजीवनाचा भाग म्हणून ३०५.८ मध्ये. चारही फडताळांसमोर उभे राहून ग्रंथांच्या अनुक्रमणिका आणि शेवटच्या सूची चाळणे, याला अर्धा तास पुरतो. ज्या ग्रंथाच्या शीर्षकात ‘बोहाडा’ हा शब्द नाही, पण ज्याचे एक प्रकरण त्यावर आहे, असा ग्रंथ संगणकाला दिसत नाही. तो या अर्ध्या तासात दिसतो.

४.४ तालिका आणि नावांचा प्रश्न

तालिका म्हणजे संग्रहाची यादी नव्हे. यादी एका क्रमाने वाचता येते. तालिकेत एकाच ग्रंथाकडे अनेक दारांनी जाता येते : लेखक, शीर्षक, विषय, माला, संपादक. पूर्वी ही दारे लाकडी खणांतील पत्रांच्या रूपात असत. आज ती संगणकीय तालिकेत, म्हणजे ‘ओपॅक’मध्ये असतात.

मराठी लेखकांच्या बाबतीत पहिले दारच फसवे आहे. ‘विशाखा’ हा १९४२ सालचा काव्यसंग्रह कुसुमाग्रजांचा. ‘नटसम्राट’ हे नाटक वि. वा. शिरवाडकरांचे. नाशिकच्या वाचकाला या दोन नावांमागे एकच व्यक्ती आहे हे सांगावे लागत नाही. संगणकाला मात्र सांगावे लागते. राम गणेश गडकरी आणि गोविंदाग्रज, चिं. त्र्यं. खानोलकर आणि आरती प्रभू, प्र. के. अत्रे आणि केशवकुमार ही जोड्यांची रांग मराठीत लांब आहे. दक्ष ग्रंथपाल अशा वेळी एक नाव प्रमाण मानून दुसऱ्या नावाखाली ‘पाहा’ अशी नोंद ठेवतो, किंवा दोन्ही नावे कायम ठेवून त्यांना ‘हेही पाहा’ या नोंदीने जोडतो. हे काम झालेले नसेल, तर शिरवाडकरांवर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांची कविता दिसतच नाही. आद्याक्षरांचाही असाच घोळ : ‘वि. वा.’, ‘वि.वा.’ आणि ‘विष्णु वामन’ या यंत्राच्या लेखी तीन भिन्न नोंदी. म्हणून लेखक शोधताना केवळ आडनाव टंकावे आणि आलेल्या नावांतून निवड करावी.

४.५ संगणकीय तालिका आणि मराठी लेखन

महाविद्यालयांत दोन आज्ञावली विशेष आढळतात. ‘सोल’ ही इन्फ्लिबनेट या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या केंद्राने विकसित केलेली. ‘कोहा’ ही न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी तयार होऊन २००० साली वापरात आलेली, विनामूल्य आणि मुक्त स्रोताची; माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ भेट असा आहे. दोन्हींत आज युनिकोडमधून देवनागरी लिहिता आणि शोधता येते. अडचण आज्ञावलीत फारशी नाही. ती आधी भरलेल्या नोंदींत आणि आपल्या लेखनाच्या इतिहासात आहे.

युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी टंकनासाठी जे निरनिराळे फॉन्ट वापरले जात, त्यांत देवनागरी अक्षराच्या आकारामागे बहुधा रोमन अक्षराचाच संकेतांक दडलेला असे. अशा नोंदी युनिकोडमध्ये रूपांतरित केल्या नाहीत, तर पडद्यावर अगम्य चिन्हांची ओळ दिसते आणि शोधात ती नोंद कधीच येत नाही. काही ग्रंथालयांनी ही कटकट टाळण्यासाठी मराठी शीर्षके सरळ रोमन लिपीत भरली. तेथे दुसरी कटकट सुरू होते. ‘ज्ञ’ कोणी डी-एन असा लिहितो, कोणी जे-एन, तर कोणी जी-वाय. ‘व’साठी व्ही की डब्ल्यू, याचाही नेम नसतो. म्हणून देवनागरीत शून्य उत्तर आले, की तोच शब्द रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे टंकून पाहावा.

युनिकोडमध्येही सर्व आलबेल नाही. ‘कऱ्हेचे पाणी’ किंवा ‘वऱ्हाड’ यांतील अर्धा र पाहा. तो दोन प्रकारे टंकता येतो : एक, नुक्तायुक्त ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, दुसरा, साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ती भिन्न अक्षरे वाटू शकतात. अत्र्यांचे आत्मचरित्र सापडत नसेल, तर दोष स्मरणशक्तीचा नसून या अदृश्य चिन्हाचा असण्याचा संभव आहे. अशा वेळी तो शब्दच टाळून शीर्षकातील दुसरा शब्द किंवा लेखकाचे नाव वापरावे.

यापुढचा मुद्दा मराठीच्या विद्यार्थ्याला परका नाही. मराठी साहित्य महामंडळाने सुचवलेले चौदा लेखननियम १९६२ साली शासनमान्य झाले आणि १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. अनुच्चारित अनुस्वार गेले. शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ झाले. परंतु त्यापूर्वी छापलेल्या ग्रंथांची मुखपृष्ठे बदलली नाहीत. १८९८ पासून इतिहासाचार्य राजवाड्यांनी प्रसिद्ध केलेल्या खंडांच्या शीर्षकात ‘साधनें’ हे रूप आहे. आपण टंकतो ‘साधने’. जुने ‘संस्कृति’, आपले ‘संस्कृती’. जुने ‘कवि’, आपले ‘कवी’. जुने ‘नागपुर’, आपले ‘नागपूर’. तालिकाकाराने मुखपृष्ठावर आहे तसे शीर्षक उतरवावे, हा नियम योग्यच आहे. मात्र त्याचा परिणाम असा, की १९६२ पूर्वीचे मराठी ग्रंथ नव्या शुद्धलेखनाच्या वाचकाला अदृश्य होतात. आपल्या शहराचे नावही याला अपवाद नाही. जुन्या लेखनात ते ‘नासिक’ असे आहे, आणि मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८३ सालचा सोळावा खंडही इंग्रजीत याच उच्चाराने नोंदलेला आहे. ‘नाशिक’ एवढेच शोधणारा या महत्त्वाच्या साधनाजवळून निघून जातो.

यावर एक जुनाच उपाय आहे. व्याकरणात आपण सामान्यरूप शिकलो. ‘कादंबरी’, ‘कादंबरीतील’, ‘कादंबऱ्या’, ‘कादंबऱ्यांचा’ या रूपांत न बदलणारा भाग ‘कादंब’ एवढाच. पुष्कळ तालिकांत शब्द तेवढाच लिहून पुढे तारकाचिन्ह दिले, की पुढील सर्व रूपे एकदम मिळतात. ‘साधन’ आणि तारका दिली, की ‘साधने’ आणि ‘साधनें’ ही दोन्ही येतात. ‘संस्कृत’ आणि तारका दिल्यास ‘संस्कृति’ व ‘संस्कृती’ यांच्यासोबत संस्कृत भाषाही येईल. तेव्हा कोठे तोडावे याला तारतम्य हवे. व्याकरणाचा इतका रोकडा उपयोग अन्यत्र क्वचितच होत असेल.

आता त्या विद्यार्थिनीकडे परत येऊ. ‘बोहाडा’ या शब्दाची ‘बोहडा’, ‘भोवाडा’, ‘भवाडा’ अशी रूपेही लिहिली जातात. ती सर्व तपासून झाल्यावर तिने एक पायरी वर चढावे : लोकनाट्य, मुखवटे, आदिवासी उत्सव. त्यानंतर जमातींची नावे, मग प्रदेशाची. दोन संकल्पना ‘आणि’ने जोडल्या तर नोंदी कमी होतात, ‘किंवा’ने जोडल्या तर वाढतात. शून्यावर असणाऱ्याने ‘किंवा’ वापरावा. दोन हजारांवर असणाऱ्याने ‘आणि’. पुष्कळ विद्यार्थी नेमके याच्या उलट करतात.

महाविद्यालयाच्या भिंतीबाहेरची साधनेही याच रीतीने वापरावयाची. ‘शोधगंगा’ या इन्फ्लिबनेटच्या भांडारात भारतीय विद्यापीठांतील प्रबंध घरबसल्या, विनामूल्य वाचता येतात. तेथे मराठी प्रबंधांची शीर्षके इंग्रजीतही आढळतात, आणि चित्ररूपात चढवलेल्या पानांतील शब्द यंत्राला वाचता येत नाहीत. म्हणून दोन्ही भाषांत शोधून नंतर अनुक्रमणिका प्रत्यक्ष उघडून पाहावी. प्रबंधाच्या शेवटची संदर्भसूची ही तर आयती शिदोरीच. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजनेतून तेरा हजारांहून अधिक नियतकालिके शासकीय उच्चशिक्षण संस्थांना खुली होत आहेत. ती तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची आहेत. मराठीच्या अभ्यासकाने त्यावर फार विसंबू नये.

४.६ एका माणसाची सूची

संगणकाच्या फार आधी शंकर गणेश दाते यांनी मराठीत छापल्या गेलेल्या ग्रंथांची नोंद घेण्याचे काम अंगावर घेतले. ‘मराठी ग्रंथसूची’च्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ आणि दुसऱ्या भागात १९३८ ते १९५० या काळातील ग्रंथ आले आहेत. मराठी नियतकालिकांच्या सूचीच्या कामातही त्यांचा वाटा होता. या सूची आजही कालबाह्य झालेल्या नाहीत, आणि त्याचे कारण साधे आहे. ग्रंथालयाची तालिका ‘आमच्याकडे काय आहे’ हे सांगते. ग्रंथसूची ‘काय छापले गेले’ हे सांगते. ‘या विषयावर साहित्य नाही’ असे लिहिण्याचा अधिकार हवा असेल, तर तो दुसऱ्या प्रकारच्या साधनातूनच मिळवावा लागतो.

सूचीत ग्रंथ सापडला, पण जवळ कोठेच मिळाला नाही, तर १९५४ चा ग्रंथप्रदान कायदा आठवावा. त्यानुसार प्रकाशकाने ग्रंथाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील निर्दिष्ट ग्रंथालयांना द्यावयाची असते. मुंबईचे ठिकाण टाउन हॉलमधील मध्यवर्ती ग्रंथालय हे आहे.

४.७ बाद होणारे ग्रंथ

संग्रहात ग्रंथ येतात तसे जातातही. केंद्र शासनाच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील नियम २१५ नुसार वीस हजारांपर्यंत ग्रंथ असलेल्या ग्रंथालयाने दरवर्षी संपूर्ण पडताळणी करावी, पन्नास हजारांपर्यंतच्या ग्रंथालयाने किमान तीन वर्षांतून एकदा, आणि त्याहून मोठ्या संग्रहात नमुना पडताळणी करावी. वर्षभरात देवघेव वा वापर झालेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ होणे, त्यात अप्रामाणिकपणा वा निष्काळजीपणा नसेल तर, स्वाभाविक मानले आहे. म्हणजे बारा हजार देवघेवींमागे साठ. ही तरतूद नसती, तर ग्रंथपालांनी कपाटांना कुलुपेच लावली असती.

गहाळ होण्यापेक्षा छाटणीचा प्रश्न अवघड आहे. जागा अपुरी पडते. फाटलेले, अभ्यासक्रम बदललेले, वर्षानुवर्षे कोणी न नेलेले ग्रंथ निर्लेखित करावे लागतात. संगणकशास्त्राची पंधरा वर्षांपूर्वीची पाठ्यपुस्तके बाद करण्यास कोणाची हरकत नसावी. परंतु हाच निकष मराठी विभागाला लावणे प्रस्तुत लेखकास घातक वाटते. मराठी ग्रंथाची आवृत्ती संपली की ती पुन्हा निघेलच असे नाही, आणि ‘दहा वर्षांत कोणी नेला नाही’ याचे कारण वर पाहिलेला एखादा अनुस्वारही असू शकते. तालिकेत जो सापडत नाही तो वाचला जात नाही. जो वाचला जात नाही तो छाटणीच्या यादीत जातो. जिल्ह्यातील अन्य ग्रंथालयांत त्याची प्रत आहे काय, हे पाहिल्याखेरीज १९६२ पूर्वीचा मराठी ग्रंथ निर्लेखित करू नये, एवढा नियम ग्रंथालय समित्यांनी स्वतःला घालून घ्यावा.

४.८ उपक्रम

(अ) आपल्या गावातील एक उत्सव, बोली किंवा लोककथा निवडा. तिच्या नावाची लेखनातील सर्व रूपे लिहा. जवळच्या ग्रंथालयाच्या तालिकेत प्रत्येक रूप स्वतंत्रपणे शोधून मिळालेल्या नोंदींची संख्या त्यापुढे मांडा.

(आ) त्याच विषयाचे ग्रंथ कोणकोणत्या वर्गांकांत असू शकतील, ते ठरवून त्या फडताळांवर प्रत्यक्ष शोध घ्या. तालिकेत न सापडलेला, पण फडताळावर सापडलेला एक तरी ग्रंथ नोंदवा. त्याचे शीर्षक मुखपृष्ठावर आहे तसेच उतरवा.

(इ) तो ग्रंथ तालिकेत का सापडला नाही, याचे कारण पाच-सहा वाक्यांत लिहा आणि त्याची एक प्रत ग्रंथपालांना द्या.